वाशीम ते कारंजे : एका मोटारीचा सौदा

वऱ्हाडातील वाशीम हे गाव पुष्कळांस बालाजीच्या देवळामुळे आणि थोड्यांस वाकाटकांमुळे ठाऊक असते. प्राचीन वत्सगुल्म ते हेच. वाकाटकांची जी शाखा येथून राज्य करीत होती, तिच्यातील हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची कित्येक लेणी कोरली गेली. आणि त्याच शाखेतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली वाशीमासच हाती लागला. राजशेखराने तर आपल्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह या नगरीत लावून दिला आहे. त्या विवाहात देण्याघेण्याची बोलणी किती दिवस चालली, हे मात्र तो सांगत नाही. आजच्या वाशीमकरांचा आम्हांस जो सहवास घडला, त्यावरून पाहता ती पुष्कळ दिवस चालली असावीत.

२०२५ सालच्या दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस आम्ही वाशीमास काढले, ते इतिहाससंशोधनासाठी नव्हेत. आमच्या वृद्ध काकूंचे बिऱ्हाड तेथून हलवून पुण्यास आणावयाचे होते. त्यांच्या गुडघ्यांवरील शस्त्रक्रिया नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठरली होती, आणि रुग्णालयात भरावयाच्या रकमेचा मोठा वाटा दारात उभ्या असलेल्या मोटारीतून निघावा, अशी घरची योजना होती. मोटार मारुती कंपनीची वॅगन-आर, २०१५ सालची, ६२,००० किलोमीटर चाललेली. काकांनी घेतलेली आणि त्यांच्या पश्चात रीतसर काकूंच्या नावावर चढविलेली. पेठेतल्या दोन जाणत्या मिस्त्रींना दाखवून आम्ही किंमत काढविली आणि २,१०,००० रुपयांच्या खाली उतरावयाचे नाही, असे ठरवून तो आकडा एका चिठ्ठीवर लिहिला. ती चिठ्ठी सौ.ने काकूंच्या देवघरात ठेवली. आकडा डोक्यात ठेवला तर तो रोज थोडाथोडा वितळतो, कागदावर असला तर वितळत नाही, हे तिचे मत. आणि तीन आठवड्यांनंतर ते आमचेही झाले. मागावयाचे २,५०,००० ठरले.

पितृपक्षात वऱ्हाडात कोणी मोटार घेत नाही. त्यामुळे दसऱ्याच्या सुमारास तुंबलेले सगळे गिऱ्हाईक एकदम वाहू लागते, असे आम्हांस शेजाऱ्यांनी सांगितले होते, आणि ते खरे निघाले. परंतु त्या वर्षी एक नवीच अडचण उभी होती. २२ सप्टेंबर रोजी, म्हणजे ऐन घटस्थापनेच्या दिवशी, लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. येणारा प्रत्येक जण ही बातमी आमच्यासाठी खास आणल्याच्या थाटाने सांगे. “भाऊ, नवीच स्वस्त झाली आता. जुनीचे इतके कायले मांगता?” नवी जर इतकी स्वस्त झाली आहे, तर हा गृहस्थ नवीच्या दुकानात न जाता आमच्या ओटीवर का बसला आहे, हा प्रश्न आमच्या ओठांवर येई. आम्ही तो विचारीत नसू. सौद्यात समोरच्याला निरुत्तर करण्यासारखी महाग चूक नाही. निरुत्तर झालेला माणूस गाडी घेत नाही, तो उठून जातो.

वाशीमच्या खरेदीदाराची पद्धत आम्ही बारकाईने पाहिली. तो एकटा कधीच येत नाही. चौघे येतात आणि चौघांची कामे वाटलेली असतात. एक बोनेट उघडून इंजिनाला कान लावतो. दुसरा चाकाशी उकिडवा बसून टायराच्या खाचेत नख घालतो. तिसरा दाराच्या रंगावरून तळहात फिरवून, “इथी ठोकेल हाय,” असे स्वतःशीच पण आम्हांस ऐकू जाईल इतपत म्हणतो. चौथा, जो खरा घेणारा, तो गाडीकडे पाहतच नाही. तो अंगणातल्या तुळशीकडे पाहत उभा असतो. मग पासिंग कुठले, ॲव्हरेज किती, समृद्धीवर किती पळते, असे प्रश्न निघतात. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला. त्याचा स्वतःचा क्रमांक सदतीस. तो गाडीच्या पाटीवर दिसला की मंडळींस बरे वाटते, कारण कागदोपत्री कामासाठी दुसऱ्या जिल्ह्याच्या फेऱ्या पडत नाहीत. आणि समृद्धी महामार्ग २०२२ च्या डिसेंबरात नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाल्यापासून, आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या त्या रस्त्यावर गाडी किती वेगाने जाईल याची चौकशी, ज्यांस कधी मंगरुळाच्या पलीकडे जावयाचे नाही तेही करतात.

यानंतर नोंदणीचा कागद हाती घेतला जाई. त्यावर काकूंचे नाव पाहून, “मंग सेकंड ओनर झाली ना भाऊ,” असे म्हणून लगेच दहा हजार उतरविले जात. नवरा गेला म्हणून बायकोचे नाव लागले, यात गाडी दोन हातांची कशी झाली? आम्ही पहिल्यांदा हे समजावून सांगितले. दुसऱ्यांदाही सांगितले. तिसऱ्यांदा काकू स्वतःच काठी टेकीत ओटीवर आल्या आणि म्हणाल्या, “यांनी एकोणपन्नास वर्षे संसार केला, तेव्हा मी फर्स्ट ओनर होते की सेकंड, ते विचारायचं राहिलंच.” मंडळी हसली. दहा हजारांपैकी पाच परत आले.

घासाघीस करणाऱ्याचा राग करू नये, असे आम्ही आमच्या वाचकांस आग्रहाने सांगू. जो दोन तास उन्हात उभा राहून तीन हजारांसाठी भांडतो, त्याला गाडी हवी असते. त्याच्या भांडणात एक प्रकारचा मान आहे. वस्तू घेण्याजोगी आहे, हे त्याने भांडूनच कबूल केलेले असते. त्याला उत्तर देण्याची आमची रीत थोडक्यात अशी. ‘फायनल सांगा’ या प्रश्नाला गाडी चालवून पाहिल्यावाचून आकडा सांगावयाचा नाही. आणि समोरच्याने आपला आकडा वर नेल्यावाचून आपला खाली आणावयाचा नाही. त्याने १,७०,००० म्हटले असता आपण गप्प बसावे. वाशीमच्या माणसाला गप्प बसणे फार जड जाते. दोन मिनिटांत तो स्वतःच १,७५,००० म्हणतो.

खरा त्रास होतो तो ‘पाह्यतो’वाल्यांचा. यांना गाडी आवडते, किंमत पटते, चहा तर फारच आवडतो. उठताना ते म्हणतात, “पाह्यतो मंग. घरी इचारतो.” दुसऱ्या दिवशी फोन येतो, “गाडी हाय का अजून?” आहे म्हटले की ते निश्चिंत होतात आणि येत नाहीत. रिसोडकडचे एक गृहस्थ असे सात वेळा बोलले, चार वेळा आले. एकदा तर हार घेऊन आले आणि हार घेऊन परत गेले. अशा माणसासाठी दुसरे गिऱ्हाईक थांबवून ठेवणे म्हणजे आपले घर त्याच्याकडे गहाण टाकणे होय. आम्ही त्यांना नम्रपणे एवढेच सांगू लागलो की, इसार जो आधी देईल त्याची गाडी; इसार येईपर्यंत ती सर्वांची. हे वाक्य वऱ्हाडात सर्वांस समजते, कारण येथे शेतापासून बैलापर्यंत सर्व व्यवहार इसारावर होतात.

बैलांचा विषय निघालाच आहे, तर गुरांच्या बाजारातील एका जुन्या रीतीविषयी सांगणे अवश्य आहे. तेथे घेणारा आणि विकणारा तोंडाने भाव बोलत नाहीत. एकाने खांद्यावरचा रुमाल हातावर टाकावयाचा आणि त्याखाली एकमेकांची बोटे धरावयाची. एक बोट धरले तर एक, सबंध पंजा धरला तर पाच. शेकडे की हजार हे दोघांस ठाऊक असते. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी भाव कोणास कळत नाही. दोघांच्या चेहऱ्यांवर पाहावे तर पावसापाण्याच्या गप्पा चालल्या आहेत असे वाटावे. बैलाचा धनी स्वतःच रुमालाखाली हात घालतो तोवर यात वावगे काही नाही. परंतु हीच रीत पूर्वी धान्याच्या आणि कापसाच्या बाजारात चाले, तिला हत्ता म्हणत, आणि तेथे रुमालाखालचे दोन हात असत अडत्याचा आणि व्यापाऱ्याचा. ज्याचा माल, तो शेतकरी बाजूला उभा. आपल्या कापसाची किती बोटे झाली आणि आपल्याला त्यातली किती सांगितली, हे त्यास जन्मात कळत नसे.

हे आठवण्याचे कारण असे की, आमच्याकडेही एक रुमालवाला आला. जुन्या गाड्यांची दलाली करणारा हा तरुण बोलण्यात फार गोड होता. त्याने गाडीला हात लावला नाही, घासाघीस केली नाही. फक्त विचारले, “काका, तुम्हाला हातात किती पाहिजेत ते सांगा. वरचं मी पाहून घेतो.” काकूंना तो फार आवडला. वरचे म्हणजे किती, असे आम्ही विचारले असता त्याने विषय बदलला. आम्ही तूर्त त्यास निरोप दिला.

अशा स्थितीत दिवाळीच्या चार दिवस आधी आम्हांस कारंज्यास जाण्याचा योग आला. त्या तालुक्यातील एक शेतकरी दोनदा वाशीमास येऊन गाडी पाहून गेले होते. चालवून पाहिली, खालून पाहिली, तिसऱ्यांदा किंमतही बोलले, आणि १,९५,००० वर अडून राहिले. इसार काही देईनात. आम्ही त्यांस ‘पाह्यतो’च्या वर्गात टाकण्याच्या बेतात होतो, तोच त्यांचा फोन आला. “भाऊ, मी सोयाबीन घेऊन कारंज्याले येऊन राह्यलो. गाडी घेऊनच या. माय पाहीन.”

वाशीमाहून मंगरूळपीरमार्गे कारंज्यास जाणारा रस्ता त्या दिवसांत पाहण्यासारखा असतो. सोयाबीन निघून गेलेली काळी राने उघडी पडलेली, मधूनमधून तुरीचे हिरवे पट्टे, आणि जेथे जागा सापडेल तेथे, अगदी डांबरी रस्त्याच्या कडेलासुद्धा, वाळत घातलेले पिवळे दाणे. मंगरुळास हयात कलंदरांचा दर्गा आहे. त्यावरूनच गावाच्या नावास ‘पीर’ जोडले गेले. काकूंनी नवसाचे नारळ बालाजीस आणि एक साखरेची पुडी येथे, अशी वाटणी करून दिली होती. ती पुडी पोहोचविली आणि पुढे निघालो. गाडी सुरेख चालत होती. विकावयास काढलेली वस्तू नेहमीच अशी शहाण्यासारखी वागते, हा अनुभव पुष्कळांस असेल.

कारंजे हे दत्तसंप्रदायी मंडळींस नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून पूज्य आहे. जैन मंडळींस ते तेथील प्राचीन मंदिरांमुळे आणि हस्तलिखितांच्या संग्रहामुळे. परंतु इतिहासात त्याची कीर्ती पैशाची. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर १६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेने जी कारंज्याची लूट केली, ती उगाच नव्हे. येथल्या एका सावकाराची कथा अजून सांगतात. कोणी एक व्यापारी कस्तुरीने लादलेले उंट घेऊन आला आणि एवढा माल एकहाती घेणारा कोणी नाही म्हणून हिणवू लागला. सावकाराने सगळी कस्तुरी विकत घेतली आणि बांधत्या वाड्याच्या गाऱ्यात मिसळून टाकली. कथा खरी असो वा खोटी; घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाईकाची वऱ्हाडातील ही एकच गोष्ट आमच्या कानी आली आहे, आणि ती दंतकथा आहे हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या गावाचा खरा मोठेपणा दुसऱ्याच गोष्टीत आहे आणि तो कारंज्याबाहेर फारसा कोणास माहीत नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमाने चालू लागले. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर पडली. गिरण्यांना स्वच्छ कापूस हवा होता. इकडे कापसात सरकी, पाणी, माती काय वाटेल ते शिरत होते, आणि भाव रुमालाखाली ठरत होता. तेव्हा १८८६ साली रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंज्याचा कापूसबाजार नियमांखाली आणण्यात आला. हिंदुस्थानातील हा पहिला नियंत्रित बाजार. १८९७ साली त्यावरून सबंध वऱ्हाडासाठी कापूस व धान्यबाजाराचा कायदा झाला आणि १९२८ साली लिनलिथगो साहेबांच्या शेतकी कमिशनने असे बाजार देशभर व्हावेत अशी शिफारस केली. हेतू शेतकऱ्याच्या कल्याणाचा होता असे समजण्याचे कारण नाही; हेतू गिरण्यांचा होता. परंतु ठरलेली जागा, परवान्याचा अडत्या, परवान्याचा मापारी आणि पुढे उघड्या आवाजात बोलावयाचा लिलाव, या वाटेने देशातील बाजारसमित्या चालल्या, आणि त्या वाटेचे पहिले पाऊल या गावात पडले. इथला कापूस मूर्तिजापुरास नेणारी ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची गाडी मात्र आता बंद पडली आहे.

आम्ही बाजारसमितीच्या आवारात पोहोचलो तेव्हा लिलाव चालू होता. ढिगाढिगांपुढून व्यापाऱ्यांचा घोळका सरकत होता. एक जण मूठभर दाणे उचली, दाताखाली एक चावी, हवेत टाकी. लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज चढत होता, आणि भाव खरोखर सर्वांस ऐकू येत होता. रुमाल कोठेही नव्हता. आमचे गिऱ्हाईक आपल्या ढिगापाशी हात मागे बांधून उभे होते. त्यांच्या ढिगापुढे घोळका आला. ओलावा जास्त आहे, दाणा डागी आहे, माती आहे, असे तीन जणांनी तीन बाजूंनी सांगितले. पाऊण मिनिटात भाव पुकारला गेला आणि घोळका पुढे सरकला. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरविला होता. पुकारलेला भाव त्याहून हजाराच्या आसपास कमी होता. हमीभावाने सरकारी केंद्रावर द्यावयाचे तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, नाव नोंदवावयास हवे आणि पाळी येईपर्यंत थांबावयास हवे. दिवाळी चार दिवसांवर आलेली असता थांबणार कोण?

‘पाह्यतो’ या शब्दाचा अर्थ आम्हांस त्या आवारात नव्याने कळला. हा मनुष्य वर्षातून एकदा आपला माल विकतो आणि त्यावेळी त्यास ‘घरी इचारतो’ म्हणण्याची सवड नसते. त्याच्या मालात खोडी दुसरे काढतात, भाव दुसरे सांगतात, आणि तो हात बांधून उभा राहतो. जुनी मोटार घेण्याच्या निमित्ताने आयुष्यात कधी नव्हे ती त्यास दुसऱ्याच्या मालाकडे डोळे बारीक करून पाहण्याची, टायरात नख घालण्याची आणि उद्या सांगतो म्हणण्याची संधी मिळते. ती त्याने आठ दिवस पुरवून खाल्ली, तर त्यात राग येण्यासारखे काय आहे? शिवाय सोयाबीनचा भाव ठरल्याशिवाय त्याने इसार द्यावा तरी कोठून? निश्चय नसणे आणि पैसा हाती नसणे यांत आपण नोकरदार माणसे सहसा फरक करीत नाही, कारण आपला पगार एक तारखेस येतो.

काटा झाला, पट्टी हाती आली. मग ते आमच्याकडे वळले आणि १,९५,००० चे १,९०,००० म्हणाले. आम्ही कारण विचारले नाही. ते आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. पण देवघरातली चिठ्ठीही विसरलो नव्हतो. तेवढ्यात आमच्या खिशातला फोन वाजला. गोड बोलणारा तो दलाल होता. गिऱ्हाईक मिळाले आहे, २,३५,००० उद्या रोख. फक्त काकूंनी हस्तांतराच्या कोऱ्या अर्जांवर सह्या करून द्यावयाच्या, घेणाऱ्याचे नाव तो मागाहून भरील, गाडी नावावर सवडीने होईल.

पंचवीस हजार रुपये वर मिळत होते, आणि रुग्णालयाची तारीख तोंडावर आली होती. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे, कारण जुनी गाडी विकणाऱ्या कित्येक घरांपुढे हाच प्रसंग येतो. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे, त्याच राज्यात गाडी विकली असता विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० हे अर्ज आहेत. नाव बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने गाडी जुन्याच धन्याची. सर्वोच्च न्यायालयापुढे २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा खटला आला होता. त्यातील गाडी विकल्यानंतर अनेक हात फिरली, नाव मात्र पहिल्याचेच राहिले, आणि अपघात झाला तेव्हा नुकसानभरपाईची जबाबदारी ज्याचे नाव नोंदणीत होते त्याच्यावर आली. गाडी विकून वर्षे लोटली होती, हे सांगून त्याची सुटका झाली नाही. आमची गाडी कोऱ्या सहीवर गेली असती, तर उद्या ती कोणी कोठेही कोणाच्याही अंगावर घातली असती, आणि समन्स घेऊन शिपाई आला असता तो चौऱ्याहत्तर वर्षांच्या, शस्त्रक्रिया होऊन अंथरुणावर पडलेल्या एका विधवा बाईच्या दारी. कोरा कागद हा रुमालच होय. त्याखाली कोणाची किती बोटे आहेत, हे सही करणाऱ्यास दिसत नाही. पंचवीस हजारांत ही भीती विकत घेण्याची आमची तयारी नव्हती. आम्ही दलालास नाही म्हटले.

गिऱ्हाईकांची आई आवाराच्या बाहेर लिंबाच्या सावलीत बसली होती. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, टायर पाहिले नाहीत, बोनेट उघडविले नाही. दार उघडून ती आत बसली, उतरली, पुन्हा बसली. तिचेही गुडघे दुखत असावेत. “मले चढता-उतरता येते,” ती मुलाला म्हणाली. “बाकी तुमी पाहा.” मग आमच्याकडे वळून तिने विचारले, गाडी कोणाची? आम्ही सांगितले. काकू एकट्या का, मुले कोठे, ऑपरेशन कशाचे, दवाखाना किती घेतो, हे सर्व तिने दहा मिनिटांत काढून घेतले, आणि मग जी घासाघीस केली तिला तोड नाही. मुलगा हजारांनी चढत होता. ती पाचशेंनी चढत होती आणि प्रत्येक पाचशेमागे एक सुस्कारा टाकीत होती. २,०८,००० वर ती थांबली. आम्ही गप्प बसण्याची आमची युक्ती चालविली. तीही गप्प बसली. पाच मिनिटे झाली, दहा झाली. चहावाला येऊन कप घेऊन गेला. शेवटी आम्हीच म्हटले की, २,१२,००० द्या, आणि टाकीतले पेट्रोल, नवा टायर नि काकांनी हौसेने घेतलेली आसनांची कापडे तुमची. “मंग आधीच नाई सांगा!” असे म्हणून तिने मुलाकडे पाहिले. मुलाने पट्टीच्या पैशांतून ११,००० रुपये इसार मोजला.

इसारपावती तेथेच ओट्यावर बसून लिहिली. कोणत्या तारखेस उरलेली रक्कम खात्यात यावयाची, ती आल्यावरच चावी द्यावयाची, आणि दोन्ही अर्ज घेणाऱ्याच्या नावासकट त्याच दिवशी भरावयाचे, हे स्पष्ट घातले. रक्कम वेळेवर न आल्यास इसार बुडेल, हा रिवाज. परंतु काकूंनी फोनवरून हे कलम घालू दिले नाही. सोयाबीनच्या पैशातला इसार आपल्याला पचणार नाही, असे त्या म्हणाल्या. त्याऐवजी गाडी दुसऱ्यास देण्यास आम्ही मोकळे आणि इसार परत, असे लिहिले. व्यवहाराच्या पुस्तकात हे बसत नाही. आम्ही वाद घातला नाही. गाडी त्यांची होती.

रक्कम भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, ठरल्या तारखेस, आली. वाशीमच्या परिवहन कार्यालयाचे काम अपेक्षेपेक्षा सोपे झाले. अर्ज आता आधी संगणकावर भरावयाचा असतो. सोबत नोंदणीचा कागद, चालू विमा, धुराचा दाखला आणि दोघांची ओळखपत्रे लागतात. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांस जी नवी सुरक्षित पाटी लावून घ्यावी लागते, ती आम्ही आधीच बसवून घेतली होती, म्हणून एक फेरी वाचली. कर्जाने घेतलेली गाडी असती तर बँकेचा बोजा उतरविण्याचा नमुना ३५ निराळा लागला असता. विमा गाडीबरोबर नव्या धन्याकडे जातो असे कायदा मानतो, तरी १४ दिवसांत त्याने कंपनीस कळवून नाव बदलून घ्यावयाचे असते. हे आम्ही आईसाहेबांसमोर मुलास दोनदा सांगितले, कारण तिच्यासमोर सांगितलेले तो विसरणार नाही अशी आमची खात्री होती. आम्ही सर्व कागदांच्या नकला काढल्या, चावी देण्याची वेळ पावतीवर तासमिनिटांसह लिहिली आणि दोघांच्या सह्या घेतल्या.

काकूंची शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. नोंदणी नव्या नावावर चढल्याचा संदेश आला तेव्हा त्या वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चार पावले टाकू लागल्या होत्या. त्याच संध्याकाळी रिसोडकडच्या त्या गृहस्थांचा फोन आला. घरी सर्वांशी बोलणे झाले होते, सगळ्यांचा होकार होता. उद्या सकाळी इसार घेऊन निघतो, असे ते म्हणाले. गाडी विकली गेल्याचे आम्ही त्यांस सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले.

“बरं,” ते म्हणाले, “मंग कितीत देली?”